सील कुणाला विचारून तोडलं

अण्णा, तुमच्यावर राग आलाय म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, गेलेल्या माणसावर रागावणं म्हणजे भिंतीशी भांडणं, सगळं कळतं मला. पण ऑफिसात भांडून झालं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "सोड ना यार, नोकरी आहे ती, सही कर आणि मोकळी हो." आईला सांगायला गेले तर तिने अर्धंच ऐकलं, "तुझा सायेब येडा हाय" असा निकाल दिला आणि मेथी निवडायला बसली. अजून बसलीय, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, परात पुढे घेऊन. रविवारची दुपार आहे. मुलुंडचं हे घर तुम्ही पाहिलं नाहीत. स्वयंपाकघराला खिडकी आहे, खिडकीतून डोंगर दिसतो, आणि आईला आता धूर खावा लागत नाही. वारा फिरला की देवनारच्या कचऱ्याचा धूर घाटकोपरच्या आपल्या खोलीपर्यंत यायचा आणि तुम्ही दाराला ओलं पोतं लावायचात, ते मी विसरलेले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ज्या नियमाबद्दल बोलणार आहे तो धूर कमी करण्यासाठीच आहे, आणि माझं भांडण त्या नियमाशी नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी जहाजावर होते. आता बरीच वर्षं जमिनीवर आहे. साकीनाक्याच्या पुढे एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. जहाजं परदेशी मालकांची, ती चालवून द्यायचं कंत्राट आमच्या कंपनीकडे, आणि त्यातल्या काही जहाजांच्या इंजिनांची जबाबदारी माझ्यावर. समुद्र कुठूनही दिसत नाही. खिडकीतून दिसतात ते वर्कशॉपचे पत्रे आणि अडकलेले टेम्पो. तिथे एसीत बसून मी हजारो मैलांवरच्या इंजिनाला ताप आलाय का ते बघते. कॉलनीतल्या बायकांना आई सांगते, "ती बोटीची डाक्टरीण हाय." मी तिचं बोलणं दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

तर नियम असा आला, की जहाज जेवढा माल वाहू शकतं त्या मानाने त्याचा धूर एका मापात बसला पाहिजे. नवी जहाजं त्या मापात बसतात. जुनी बसत नाहीत. मग जुन्यांचं करायचं काय? नवं इंजिन घाला, पाण्यातला पंखा नवा लावा, उपाय पुष्कळ आहेत आणि सगळ्यांना पैसा लागतो. सगळ्यात स्वस्त उपाय एकच, इंजिनाची ताकदच कमी करून टाकायची. ज्या दांड्याने तेलाचं प्रमाण वाढतं त्याच्या वाटेत एक बोल्ट उभा करायचा, म्हणजे दांडा त्यापुढे जाणारच नाही. बोल्टाला तार गुंडाळायची, तारेवर सील दाबायचं. झालं जहाज नियमात. हसू नका. मला ठाऊक आहे तुम्ही हसला असतात, मिशीतल्या मिशीत, कारण हे तुमचंच काम आहे. जन्मभर कंपनीच्या गॅरेजात तुम्ही दुसरं केलंत काय?

मला ते गॅरेज आजही डोळ्यासमोर दिसतं. कारखान्याच्या कामगारांना आणणाऱ्या-नेणाऱ्या बसगाड्या ओळीने उभ्या आहेत, आणि कोपऱ्यात तुमचं टेबल. डिझेल पंप उघडायचा, धुवायचा, मापावर बसवायचा, जास्तीत जास्त किती डिझेल जाईल तो स्क्रू आवळायचा आणि वर तार आणि शिशाचं सील. डिझेल वाचतं, गाडी काळा धूर सोडत नाही, ड्रायव्हर उगाच पळवत नाही. शाळा सुटली की मी तुमचा रिकामा डबा न्यायला यायचे, आणि माझी नजर त्या सील दाबायच्या पक्कडीवर. एकदा नुसती उचलली तर केवढ्याने ओरडलात! "इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई!" बरं, मग विचारलं, "अण्णा, हात लावू?" तर म्हणालात, "थांब, सायबांना इचारून सांगतो." पक्कड हातात घ्यायला साहेबांना विचारणार! साहेब तिथे आठवड्यातून एकदा फिरकायचे. ती पक्कड मी पुन्हा कधी हातात घेतली नाही.

इचारून सांगतो. तुमच्या तोंडातलं कुठलं वाक्य आठवतं म्हणून कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. सहलीचे पैसे मागितले तर इचारून सांगतो. विहारात माझं भाषण ठेवायचं म्हणाले तर इचारून सांगतो. मी जहाजाच्या शिक्षणाला जाते म्हटलं तेव्हा तर तुम्ही कुणाकुणाला विचारलंत देव जाणे, सगळ्या गॅरेजला माहीत झालं होतं. तिथे बॉयलर सूट मिळायचा तो पुरुषांच्या मापाचा, मी त्यात पोत्यात घातल्यासारखी दिसायचे. सुट्टीत घरी आले तर तुम्ही माझ्या हातात एक पिशवी ठेवलीत. कारखान्याचे गणवेश शिवणाऱ्या शिंप्याकडून माझ्या मापाचा सूट शिवून आणला होतात, निळा, दुहेरी शिवणीचा, पान्यासाठी वेगळा खिसा. मी तुमच्या गळ्यातच पडले असते, पण तुम्ही आधी खिशातून कागद काढलात. असा सूट चालेल का, हे तुम्ही माझ्या कॉलेजला पत्र लिहून विचारलं होतंत. चालेल असं उत्तर आल्यावरच कापड घेतलं. आई म्हणाली, "ह्यांना सरणावर ठिवताना बी इचारावं लागंल, झोपू का म्हणून." तुम्ही हसलात आणि मीही हसले.

तुम्ही असे का झालात ते मला ठाऊक आहे, नाही असं नाही. गावात तुमच्या बापाने न विचारता पाण्याला हात लावला आणि त्याचं पुढे काय झालं, ते तुम्ही आयुष्यात एकदाच सांगितलंत, मी अकरावीत असताना, तेही भिंतीकडे बघून. तेव्हापासून मी तुमच्या विचारण्याची टिंगल करायची सोडली. पण टिंगल सोडली म्हणून राग सुटतो असं थोडंच आहे?

आता रेडिओची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझं दहावीचं वर्ष. आईला दुपारची श्रुतिका ऐकायची असायची आणि तुम्हाला वाटायचं पोरीचा अभ्यास बिघडतो. तर तुम्ही काय केलंत? रेडिओच्या आवाजाच्या बटणाला खाच पाडून त्यात तार ओवलीत आणि मागच्या स्क्रूला पीळ घालून बांधलीत. आवाज तेवढ्यावरच, पुढे बटण फिरेचना. गॅरेजातलं शिसं घरी आणणारे तुम्ही नव्हेत, म्हणून तारेच्या गाठीवर मेणबत्तीचं मेण ओतलंत आणि रुपयाचं नाणं दाबून छाप उमटवलात. आमचं घरचं सील! चार दिवस आईने सोसलं. पाचव्या दिवशी तिकडे स्टोव्ह फुरफुरतोय, इकडे कढईत मिरच्या तडतडतायत, श्रुतिकेतली बाई काहीतरी महत्त्वाचं सांगतेय आणि आईला ऐकू येईना. तिने सांडशी घेतली आणि कट्दिशी तार तोडली. संध्याकाळी तुम्ही आलात, मेणाचे तुकडे बघितलेत. "कुणाला इचारून तोडलंस?" आई भाकरी थापत होती, वरसुद्धा बघितलं नाही तिने. "माज्या कानाला इचारलं," म्हणाली. तुम्ही मेणाचे तुकडे वेचून ठेवलेत. रेडिओ परत कधी बांधला नाहीत.

जहाजाच्या सीलचं तसंच आहे. नियम करणारे काही खुळे नव्हते. त्यांनी लिहून ठेवलंय की जहाज किंवा माणसं संकटात असतील तर कॅप्टनने सील तोडावं, राखून ठेवलेली ताकद वापरावी. त्याला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. तोडल्यावर कळवायचं, पुढच्या बंदरात तपासनीस बोलावून पुन्हा सील करून घ्यायचं, एवढंच. आणि गंमत ऐका, रोजच्या दिवशी त्या सीलने फरक काहीच पडत नाही. तेल महाग झाल्यापासून जहाजं तशीही रमतगमतच चालतात, त्या बोल्टापर्यंत दांडा पोचतच नाही. म्हणजे धूर जेवढा होता तेवढाच, कागदावर जहाज मात्र सुधारलं. बोल्टाशी गाठ पडते ती फक्त वाईट दिवशी. आणि वाईट दिवसासाठी तोडायची मुभा आहेच. ठीक आहे ना? वाचायला ठीक आहे.

गेल्या वर्षी आमच्या एका कॅप्टनने अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. वादळात सापडला, सील तोडलं, जहाज बाहेर काढलं, मग कळवलं. त्यानंतर दोन आठवडे ऑफिसने त्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन सोलून काढलं. का तोडलं? आणखी थोडं थांबता आलं नसतं का? वारा नक्की केवढा होता? फोटो आहे का वाऱ्याचा? वाऱ्याचा फोटो, अण्णा! त्याची मुदत संपून तो घरी आला आणि त्याला पुन्हा जहाज मिळालं नाही. कुणी काही लेखी दिलं नाही, कुणी काही बोललं नाही. पण अशी बातमी जहाजावरून जहाजावर जायला काय लागतं? सगळे कॅप्टन शहाणे झाले. तोडायचं असेल तर आधी ऑफिसला फोन करायचा. ऑफिसही शहाणं झालं. फोन आला तर हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, "कॅप्टन, मास्टर्स डिस्क्रिशन" एवढंच म्हणायचं. मास्टर म्हणजे कॅप्टन. तुमचा निर्णय, तुम्ही बघा. हो म्हटलं तर आपण अडकतो, नाही म्हटलं आणि जहाज बुडालं तर जास्तच अडकतो. असा हा रिवाज. कुठेही लिहिलेला नाही आणि सगळे पाळतात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

आणि मग दीड महिन्यापूर्वी मला फोन आला. भर दुपार, मी डबा उघडलेला. हा दुसरा कॅप्टन, मालवणकडचा, घर बोरिवलीला, वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा तरी मला मॅडम म्हणणारा. बंदराबाहेर उभे होते, रिकामं जहाज, वारा किनाऱ्याच्या दिशेने वाढत चाललेला. नांगर घसरायला लागला म्हणून त्याने उचलला आणि जहाजाचं तोंड वाऱ्यात वळवायला गेला, तर वळेना. इंजिन त्या बोल्टाला जाऊन टेकलेलं. रिकामं जहाज म्हणजे पाण्यावरची भिंतच, वाऱ्याने सरळ किनाऱ्याकडे ढकलत चाललेली. आधी त्याने आमच्या जनरल मॅनेजरला फोन केला होता. मास्टर्स डिस्क्रिशन. मग ऑपरेशन्सवाल्याला. मास्टर्स डिस्क्रिशन. मग मला. "मॅडम, तुम्ही तरी सांगा, तोडू का सील?" मी म्हटलं, "कॅप्टन, तुम्हाला परवानगीची गरजच नाही." "ते माहीत आहे मॅडम. पण तोडू का?" आणि मग त्याचा आवाजच बदलला, शिकलेला आवाज गळून पडला आणि आतला माणूस बोलला. "म्याडम, बोट फुडे जाणा नाय ओ."

अण्णा, तो आवाज मी आधी ऐकला होता. आपल्या घाटकोपरच्या खोलीच्या दारात. शेजारचे ड्रायव्हरमामा, रोज संध्याकाळी, टॉवेल खांद्यावर टाकून. "अरे, गाडी चढार वर जाणा नाय रे. भरलेली गाडी, मागे सरकता. पंप वायच वाडव." कारखान्याच्या मागच्या रस्त्याचा तो चढ मला माहीत होता, तुम्हालाही माहीत होता. पंप जरुरीपेक्षा जास्त आवळला गेलाय हेही तुम्हाला माहीत होतं. मी तिथेच अभ्यासाला बसलेली असायचे, तुम्ही आईला हळू आवाजात सांगताना मी ऐकलंय. स्क्रू अर्धा फेरा सैल केला की काम झालं असतं. पण तुमचं उत्तर एकच, "सायबांना इचारून सांगतो." विचारलंतही. साहेब म्हणाले बघू. मामा रोज यायचे, तुम्ही रोज म्हणायचात, इचारलंय, सांगतो. एक दिवस भरलेली बस त्या चढावर थांबली, मागे घसरली आणि चहाच्या टपरीवर गेली. टपरीवाल्याचा पाय कायमचा गेला. चौकशी झाली. ड्रायव्हरने गिअर चुकवला असं ठरलं, मामांची नोकरी गेली. त्या रात्री आईने जेवायला वाढताना विचारलं, "तुमी सांगितलं का, पंपाचं?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि म्हणालात, "मला कुणी इचारलंच न्हाई." खरं होतं ते. तुम्ही खोटं कधीच बोलला नाहीत. मामा गावी गेले तेव्हा त्यांच्या बायकोने जड म्हणून पाटा-वरवंटा आईला देऊन टाकला. तो आमच्या बाल्कनीत आहे अजून, आई त्यावर वाटत नाही आणि टाकूही देत नाही.

तर फोनवर तो आवाज आला आणि माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "विचारताय काय कॅप्टन? तोडा! आत्ता तोडा!" अख्ख्या ऑफिसने माना वळवल्या. शेजारच्या टेबलावरची मुलगी घास हातात धरून बघत राहिली. मग मी डब्याकडे बघत बसून राहिले. भाजी गवारीची होती, मला अजून गवार खाववत नाही. बऱ्याच वेळाने फोन वाजला. "वळली, मॅडम. बाहेर निघालो," एवढंच म्हणाला आणि त्याने ठेवला. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

संपलं ना? माणसं वाचली, जहाज वाचलं, कुणाला खरचटलंही नाही. पेढे वाटायचे सोडून ह्या बुधवारी जनरल मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. "तू का बोललीस यार? एवढी वर्षं झाली तुला, मास्टर्स डिस्क्रिशन म्हणता येत नाही?" मी म्हटलं, "सर, तुम्ही म्हणालात ना, मग का नाही तोडलं त्याने?" "तेच तर! त्याने तोडायला पाहिजे होतं. विचारत काय बसला? आता मालक मला विचारतोय, निर्णय कॅप्टनचा की ऑफिसचा. तू तोडा म्हणालीस, म्हणजे ऑफिसचा झाला ना! उद्या काही झालं असतं तर?" झालं नाही सर, म्हटलं. "झालं असतं तर?" पुन्हा तेच. मग त्याने वाट काढली. कॅप्टनचा कामाचा अहवाल मी लिहायचा असतो. त्यात लिहायचं की हा माणूस संकटात कचरतो, स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, म्हणून नाइलाजाने मला बोलावं लागलं. मग मालकाचं समाधान, ऑफिस मोकळं, मी मोकळी. आणि कॅप्टनला पुन्हा जहाज नाही. पहिल्याने विचारलं नाही म्हणून तो गेला, ह्याने विचारलं म्हणून हा जाणार! सांगा अण्णा, माणसाने करायचं काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि आमचा जीएम दुष्ट आहे असंही नाही हो. आई आजारी होती तेव्हा रक्त द्यायला स्वतः आला होता. पण तोही वर कुणाला तरी विचारूनच बोलतो, आणि तो वरचा त्याच्या वरच्याला.

शुक्रवारी कॅप्टन ऑफिसात आला. घरी परतल्यावर हिशेबाला येतात तसा, पण माझ्या टेबलापाशी येऊन बसला, घरची आमसुलं आणली होती पिशवीतून. त्याला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. मुलगी पार्ल्याला कॉलेजात आहे म्हणाला, त्याच्या स्वतःच्या नोकरीची दोन वर्षं राहिलीत. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "तुमी लिवा म्याडम. मी इचारलंय ह्या खराच आसा. माजो फोन नसतो इलो तर तुमका ह्यो तरास झालो नसतो." मला इतका राग आला त्याचा! खरंच आहे म्हणे. हो, खरंच आहे. तुमचं ते 'मला कुणी इचारलंच न्हाई' खरं होतं, तसंच हेही खरं आहे. असल्या खऱ्याने माणूस मारता येतो आणि रात्री झोपही लागते. मी त्याला म्हटलं, "कॅप्टन, आमसुलं ठेवा आणि घरी जा." तो बिचारा उठून गेला. नंतर वाटलं, निदान चहा तरी पाजायला हवा होता.

उद्या अकराला मीटिंग आहे, मालकाचा माणूस स्क्रीनवर असणार. मला तिथे कुणी काही विचारणार नाही, मी फक्त अहवाल पुढे करायचा. खरं सांगायचं तर सांगावं लागेल की कॅप्टन कचरला नाही, त्याला कचरायला आम्ही शिकवलं. पहिल्या कॅप्टनला आम्ही कसं सोललं, तिघांनी फोन उचलून काय काय म्हटलं, सगळं. तसं बोलले तर माझी नोकरी राहील की नाही, माहीत नाही. ह्या घराचे हप्ते आहेत, लेकाचं बारावीचं वर्ष आहे, ह्या वयात दुसरीकडे कोण घेणार? त्या दिवशी केबिनमध्ये मी काय म्हटलं ठाऊक आहे? तोडा म्हणून ओरडणारी मी, जीएमच्या समोर 'लिहिणार नाही' म्हटलं नाही. म्हटलं, "सोमवारी सांगते, सर." तुमचाच आवाज आला तोंडातून, मिशीसकट.

म्हणून राग आलाय. एक दिवस, एकच दिवस तुम्ही न विचारता बोलला असतात, त्या चौकशीत उठून उभे राहिला असतात, साहेब, पंप मी आवळला होता म्हणून, तर मला आज काहीतरी आठवायला असतं. तुम्ही मला दुहेरी शिवणीचा सूट दिलात, शिकवलंत, माझ्या जहाजाच्या पहिल्या दिवशी बंदराच्या गेटबाहेर संध्याकाळपर्यंत उभे राहिलात, आत यायला परवानगी नव्हती म्हणून. पण हे एक दिलं नाहीत. आता मी ते कुठून आणू?

आई मघापासून बघतेय माझ्याकडे. आत्ता तिने विचारलं, "काय लिवतीस एवढं?" म्हटलं, अण्णांना लिहितेय. "कशाला?" मग तिला नीट सांगितलं, पहिल्यापासून, कॅप्टनचं, उद्याचं, ड्रायव्हरमामांचंही. मामांचं नाव निघालं तशी ती बाल्कनीकडे बघायला लागली. मग मेथीची जुडी झटकली आणि म्हणाली, "आन् हे समदं तू त्यांना इचारतीस व्हय?" म्हटलं, विचारत नाहीये, भांडतेय. "भांडती कुठं? इचारतीयास. जित्तेपणी त्या माणसानं कदी हो म्हटलं न्हाई का न्हाई म्हटलं न्हाई. आता मेल्यावर सांगंल?"

अण्णा, म्हातारी बरोबर बोलली. एवढं सगळं लिहिलं ते भांडण नव्हतं, तुमची परवानगीच मागत होते मी. तुम्ही आत्ता समोर असतात तर भिंतीकडे बघून काय म्हणाला असतात ते मला पाठ आहे, आणि तेवढा वेळ माझ्याकडे नाही. उद्या मी बोलणार आहे. आई देठ गुंडाळून टाकायला कागद मागतेय, तिला हेच देते.